सोड म्हणण्याआधी

दोष महाराजांचा.

माझा बाप ओरडतो, कॉलेज माणसाचा चोथा करतं, हे सगळं आहेच. पण त्या गुरुवारी मठात जे झालं त्याचा दोष महाराजांचा. हे आधीच लिहून ठेवतो. म्हातारी माणसं गोष्ट संपायच्या आत हळूच निसटतात आणि मागं आम्ही उभे राहतो, हात बांधून.

“हा मेला की कुठं जातो?” महाराजांनी विचारलं.

“कुठं नाही. परत तिथंच येतो. लेव्हलच्या सुरुवातीला.”

“कुणी आणतं?”

“कुणी नाही. आपोआप.”

“आणि रागवत कुणी नाही?”

“कोण रागवणार?”

महाराजांनी बटण दाबलं. स्क्रीनवरचा हिरवा गोळा पुन्हा खड्ड्यात पडला. पुन्हा उगवला. दोन डोळे, दोन पाय, बाकी नुसता गोळा. त्याला फक्त पळता येतं आणि उडी मारता येते.

“बरं आहे त्याचं,” महाराज म्हणाले.

टेकडीवरच्या त्या गादीचा एक नियम आहे. महाराजांनी कुणालाही ‘सोड’ म्हणायचं नाही, जोवर ती गोष्ट त्यांनी स्वतः धरलेली नाही, शेवटापर्यंत नेलेली नाही आणि मग आपल्या हातानं खाली ठेवलेली नाही. एका ट्रकवाल्याचा गुटखा सोडवायचा होता तेव्हा महाराजांचं तोंड आतून सोललं होतं म्हणतात. दोन जावांचा अबोला होता, तर महाराजांनी मठातल्या स्वयंपाक्याशी अबोला धरला. जावा बोलायला लागल्या. स्वयंपाकी वैतागून निघून गेला.

लोकांना या गोष्टी फार आवडतात. पायऱ्या चढताना एकमेकांना सांगतात. त्या स्वयंपाक्याचं पुढं काय झालं ते कुणी सांगत नाही.

माझा बाप, धुमाळ सर, हायस्कूलला पीटी शिकवतो. गळ्यात शिट्टी, तोंडात हुकूम. शाळा सुटली की टेकडीवर. धुनीची राख काढणं, टाकीत पाणी चढवणं, दिवाबत्ती, सगळं तोच. मठाची किल्लीसुद्धा त्याच्याच स्कूटरच्या किल्लीबरोबर एका कडीत. घरी इतकी वर्षं नळ गळतो, तो तसाच गळतो.

मी इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं. नापास झालो नव्हतो. पास होत होतो आणि तरी सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं. हे बापाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “पहाटे पळायला जा.”

त्याला दोषी हवा होता. तो माझ्या हातातच सापडला. वीतभर लांब, निळा, दोन बाजूंना बटणं. हातात धरून गेम खेळायचा डबा.

मग ठरलं असं. महाराज ‘सोड’ म्हणाले तर डबा धुनीत आणि मी जूनमध्ये परत कॉलेजात. महाराज ‘राहू दे’ म्हणाले तर बाप पुन्हा विषय काढणार नाही. मी हो म्हणालो. नाही म्हणायलाही ताकद लागते.

महाराजांनी नियमाप्रमाणे डबा मागितला. पण त्यांना तो चालू करता येईना. म्हणून बाप मला रोज शाळेत जाता जाता टेकडीच्या पायथ्याशी सोडायला लागला. मी वर जायचो आणि महाराजांना गेम शिकवायचो. मी गुरू, ते शिष्य.

याच्यावर हसायला हवं होतं. दोघांनाही हसू येत नव्हतं. दोघंही दमलेले होतो.

आवाज मी पहिल्याच दिवशी बंद केला. मठात टिंगटिंग नको. महाराज खांबाला पाठ टेकून बसायचे, चष्मा कपाळावर, डबा नाकाशी. अंगठे संधिवातानं वाकडे. उडी मारायची असली की स्वतःच खांद्यातून उडायचे.

“तुम्ही नका उडू, महाराज. बटण दाबा.”

“दाबलं.”

“उशिरा दाबलं.”

“सगळं उशिराच होतं रे.”

ज्यांनी हा गेम बनवला त्यांची डोकी फिरलेली होती, हे मान्य करायला पाहिजे. एक लेव्हल शिंप्याच्या दुकानात आहे. कात्री उघडते, मिटते. तिच्या पात्यावरून पळायचं. बटणांच्या भोकांतून आरपार जायचं. मागून सुई येत असते आणि तिनं कापड शिवलं की वाट बंद. महाराज तिथं फार वेळा शिवले गेले.

एक लेव्हल ठेक्यावर. ढोल वाजला की पायऱ्या येतात, थांबला की जातात. आवाज बंद असला तरी ढोलाचं चामडं हललेलं दिसतं. महाराज जन्मभर भजनात टाळ वाजवत आलेले. मान अगदी बरोबर हलत होती. गोळा मात्र दर वेळी खाली.

“ठेका मला कळतो,” ते म्हणाले, “याला कळत नाही.” आणि अंगठा माझ्यापुढं धरला, एखाद्या ढ पोराला धरून आणावं तसा.

एका लेव्हलमध्ये गोळ्याच्या मागं त्याचीच सावली लागते. गोळा जे करेल ते ती थोड्या वेळानं करते. तशीच उडी, तीच चूक. सावलीनं शिवलं की मेला. म्हणून तिथं मागं फिरायचं नाही आणि एका जागी थांबायचं नाही.

महाराजांनी ती लेव्हल खेळून झाल्यावर डबा मांडीवर ठेवला.

“हे बनवणाऱ्याचं वय काय असेल?”

“असेल तिशीचा. जपानमधला कुणीतरी.”

“नाही,” महाराज म्हणाले. “म्हातारा आहे तो.”

आणि शेवटच्या जगात ती लेव्हल, जिथं गोळा प्रत्येक उडीबरोबर थोडा म्हातारा होतो. पहिली उडी उंच, दुसरी कमी, मग आणखी कमी. शेवटी उंबरठाही चढवत नाही. म्हणून कुठं उडी मारायची नाही ते आधी ठरवावं लागतं. नाणी दिसतात, ती सोडून द्यायची.

“ही मला येते,” महाराज म्हणाले.

आली नाही. सगळी नाणी गोळा केली आणि पहिल्याच नाल्याला गोळा काठीसुद्धा नसलेल्या म्हाताऱ्यासारखा उभा राहिला.  

त्या गुरुवारी ते अजून तिथंच अडकलेले होते. दुपार उतरत होती. मठात दुसरं कुणी नव्हतं.

“तुझं हे सगळं झालंय?” महाराजांनी विचारलं.

“कधीच.”

“मग रोज काय खेळतोस?”

“तेच. परत पहिल्यापासून.”

“मजा येते?”

“नाही.”

“मग?”

 महाराजांनी पुन्हा विचारलं नाही. ते खेळत राहिले. एखाद्यानं दोनदा विचारलं की मला खोटं सुचतं. एकदाच विचारून सोडून दिलं की अडचण होते...

“पप्पा बोलायला लागले की हा हातात घेतो,” मी म्हणालो. “मान खाली घातली की ते माझ्या डोक्याशी बोलतात. माझ्याशी नाही.”

“डोकं काय म्हणतं?”

“हं.”

“एवढंच?”

“एवढं पुरतं. मग ते थकतात.”

“आणि तू?”

“मी आधीच थकलेला असतो.”

महाराज नाल्यात पडले. उगवले.

“महाराज, सांगून टाका ना आज.”

“काय?”

“सोड म्हणून.”

त्यांनी पहिल्यांदा डब्यातून वर पाहिलं. “तुला सोडायचाय?”

“मला हे संपवायचंय. डबा नाही. हे... सकाळी स्कूटर, संध्याकाळी स्कूटर, मधे त्यांचं ते माझ्याकडं बघणं. तुम्ही सोड म्हणा, मी कॉलेजात जाऊन बसतो. बसायला काय लागतं?”

“माझं अजून शेवटापर्यंत झालं नाही.”

“कुणाला कळतंय?”

“मला.”

“वा,” मी म्हणालो. “नियम तुमचे आणि वर्षं आमची.”

दुसरा कुणी असता तर चिडला असता. निदान एखादा श्लोक तरी म्हणाला असता. महाराजांनी फक्त चष्मा कपाळावरून उतरवला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत चढवला.

“शेवट केला आणि खाली ठेवला, की मला सोड म्हणावंच लागेल,” ते म्हणाले. “तू जाशील. तिथं बसशील. तिथंही मान खालीच.”

“मग राहू दे म्हणा.”

“म्हणजे घरी बसशील. मान खाली.”

“मग काय म्हणणार?”

ते उत्तर देणार होते की नाही मला माहीत नाही. खालून स्कूटर आल्याचा आवाज आला. बापाची स्कूटर चढावर खोकते.

महाराजांनी डबा पुन्हा नाकाशी नेला.

बाप वर आला. घाम पुसला, चपला काढल्या, एका रेषेत लावल्या. तो सगळ्या जगाच्या चपला एका रेषेत लावतो. आत आला, महाराजांच्या पाया पडला, उठून उभा राहिला.

“महाराज, आज तरी निकाल सांगा.”

महाराजांचे अंगठे चालू होते.

“जून आला, महाराज. कॉलेजवाले एकदाच परत घेतात, दुसऱ्यांदा विचारत नाहीत.”

“हं,” महाराज म्हणाले.

बापानं माझ्याकडं पाहिलं. मी खांबाकडं पाहिलं.

“तुमचं खेळून झालं असेल तर...”

“हं.”

“झालं का?”

“हं.”

“म्हणजे झालं की नाही झालं?”

“हं.”

बापानं घसा साफ केला. मग आवाज चढला, पीटीचा आवाज. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायला बनवलेला आहे. इथं चार हातांवर भिंत होती.

“महाराज, वर बघा.”

अंगठे चालू.

“मी बोलतोय ना? माणूस समोर उभा आहे. त्याची एवढीही किंमत नाही?”

पुढचं मला पाठ होतं. घरी रोज असतं. फक्त ‘तू’च्या जागी ‘तुम्ही’ आलं होतं.

“सगळ्या गोष्टीची एक वेळ असते. तुमच्या वयाची माणसं बघा कुठं पोचलीत. आणि तुम्ही? दिवसभर हे टकटक, टकटक. भविष्याचा काही...”

इथं तो अडखळला. समोरचा माणूस सत्तरीच्या पुढचा होता.

पण गाडी उतारावर होती. “आणि मी कुणासाठी करतोय हे सगळं? उन्हात उभा राहून शिट्टी फुंकतोय, ती कुणासाठी?”

हे वाक्य महाराजांना लागू पडत नव्हतं. त्यालाही ते कळलं. 

मी बापाला बोलताना कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं, पुष्कळ. त्या दिवशी डबा माझ्या हातात नव्हता, म्हणून बघावं लागलं. बोलताना तो शर्टाचं एक बटण धरून ठेवतो. घट्ट.  मला हे माहीत नव्हतं.

“महाराज...” आता आवाज खाली आला होता. “एकदा वर बघा. एकदाच. काही सांगू नका. सोडही नका म्हणू. नुसतं बघा.”

“हं,” महाराज म्हणाले.



सांगतो, मला त्या क्षणी महाराजांच्या हातातला डबा ओढून धुनीत फेकावासा वाटला. स्वतःचा डबा. बाप काही म्हणू दे, तो या माणसाच्या धुनीची राख काढत आला होता. त्याच्याकडं एकदा बघायला काय जात होतं?

“महाराज, पप्पा बोलतायत,” मी म्हणालो.

“हं.”

बापाचा चेहरा लाल झाला. मग उतरला. मग तो अचानक माझ्याकडं बोट करून ओरडला, पण माझ्यावर नाही.

“यापेक्षा माझं पोरगं बरं! कॉलेज सोडलं असेल, काहीही केलं असेल. तुम्ही काय हो सुधारणार त्याला? तो निदान माणसासाठी तोंड उघडतो!”

हे त्यानं माझ्याबद्दल म्हटलं. मोठ्यानं, मठात, देवासमोर. मी मागं वळून पाहिलं नाही, पण मागं दुसरा कुणी पोरगा नव्हता.

मग त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या. कडी घट्ट होती. नखानं उघडेना. त्यानं दातानं ताणली, मठाची किल्ली सोडवली आणि महाराजांच्या पायांपाशी नाही, लांब, उंबऱ्यावर ठेवली.

पाया पडला नाही.

बाहेर जाऊन त्यानं चपला घातल्या. एक उलटी पडली होती, ती पायानंच सरळ केली. आणि तिथूनच, माझ्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “प्रज्वल, जेवलास का?”

“नाही.”

“चल मग. तुला काय करायचं ते घरी तूच सांग. मी ऐकतो.”

तो पायऱ्या उतरायला लागला. हळू उतरत होता. गुडघे गेलेत त्याचे, हेही मला तेव्हाच दिसलं.

मी डबा घ्यायला आत गेलो. महाराज तसेच, मान खाली, अंगठे चालू.

“द्या,” मी म्हणालो. जरा दरडावूनच म्हणालो.

त्यांनी लगेच दिला.

स्क्रीन काळी होती. मी बटण दाबलं. दाबून धरलं. काही नाही. बॅटरी संपलेली.

“हे कधी बंद पडलं?”

“तुझा बाप चपला काढत होता तेव्हा.”

मी डबा हातात घेऊन उभा राहिलो. काळ्या काचेत माझंच नाक दिसत होतं.

“म्हणजे तेवढा वेळ तुम्ही...”

महाराज अंगठे चोळत होते. एक मग दुसरा, सावकाश, दुखऱ्या जनावराला चोळावं तसे.

“मग सांगायचं ना त्यांना!” मी ओरडलो. माझा आवाज बापासारखा निघाला. “आत्ता जातो आणि सांगतो. डबा बंद होता म्हणून.”

“सांगू नको.”

“का?”

“मग तो परत येईल.”

“यायलाच पाहिजे. इतकी वर्षं...”

“आणि पुन्हा तुझ्याबद्दल मला विचारेल.”

खालून हॉर्न वाजला. एकदाच, छोटा. माझा बाप हॉर्न कधी छोटा वाजवत नाही.

“जा,” महाराज म्हणाले. “थांबलाय तो.”

“आणि हा? सोडू की धरू? ते तर सांगा.”

महाराज उठले. खांबाला धरून, दोन प्रयत्नांत. उंबऱ्यापर्यंत गेले, वाकले, किल्ली उचलली. ती कुठं ठेवायची ते त्यांना कळेना. धोतराला खिसा नसतो. मुठीत धरून उभे राहिले.

“डबा नाही, आज तुझा बाप खाली ठेवला मी. तो आता इथं यायचा नाही,” ते म्हणाले. “तसा दुसरा माणूस नाही माझ्याकडं.”